‘ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रकार लिहा’ : पाच मार्कांच्या उत्तराची चिकित्सा

बीएस्सीला असताना एक उत्तर मी डोळे मिटून लिहायचे. प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रकार स्पष्ट करा. उत्तर : बॅच, मल्टिप्रोग्रामिंग, टाइम-शेअरिंग, डिस्ट्रिब्युटेड, नेटवर्क, रिअल-टाइम. प्रत्येकाला दोन-तीन ओळी, जमलं तर एक आकृती, की पाच मार्क खिशात. एमएस्सीलाही तेच उत्तर चाललं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मात्र त्याच उत्तरानं माझी चार महिन्यांची रीडिंग्ज खाल्ली.

झालं असं. प्रयोग तसा साधा होता. एखाद्या प्रोग्रॅमला ‘दर एक मिलिसेकंदाने जागा हो’ असं सांगायचं आणि प्रत्यक्षात तो किती उशिरा जागा होतो ते मोजायचं. वेगवेगळी मशीन्स, वेगवेगळ्या सिस्टिम. शीटमध्ये मी एक कॉलम केला, ‘ओएसचा प्रकार’, आणि त्यात दोनच पर्याय ठेवले : ‘जनरल पर्पज’ आणि ‘रिअल-टाइम’. लिनक्स दिसलं की पहिला पर्याय. पुस्तकात तसंच आहे ना! विश्लेषणाला बसले तर ‘जनरल पर्पज’ गटातली रीडिंग्ज इतकी विखुरलेली, की सरासरीला काही अर्थच उरला नाही. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं, की लॅबमधल्या काही मशीन्सवर रिअल-टाइम पॅच टाकलेलं लिनक्स कर्नल होतं. कोणत्या मशीनवर, कधीपासून, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मीही लिहिलं नव्हतं. आणि तोवर सगळी मशीन्स फॉरमॅट होऊन त्यांवर नवी सिस्टिम बसली होती.

आमचे गाईड सर रागावले नाहीत. शीटवर बोट ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, “हे प्रकार कशाच्या आधारावर पाडलेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे आता लिटरेचर रिव्ह्यू किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत, त्यांना कधी ना कधी हा प्रश्न येणारच. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमची जी वर्गीकरणं आपल्याला शिकवली जातात, ती एकेक करून तपासू.

पहिलं वर्गीकरण : पुस्तकातली यादी

समजा, गावातल्या माणसांचे प्रकार कुणी असे सांगितले : शेतकरी, डावखुरे आणि सातारकर. आपण हसू, कारण एकच माणूस तिन्हींत बसू शकतो. ऑपरेटिंग सिस्टिमची यादी नेमकी अशीच आहे. ‘बॅच’ हे काम कसं घेतलं जातं त्याचं उत्तर आहे. ‘डिस्ट्रिब्युटेड’ हे किती मशीन्सवर पसरलंय त्याचं. ‘रिअल-टाइम’ हे वेळेची हमी मिळते का त्याचं. प्रश्न तीन आहेत आणि उत्तरं एकाच यादीत ठेवली आहेत.

एकटं लिनक्स घ्या. नोव्हेंबर २०१७ पासून टॉप-५०० यादीतले सगळे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. अशा क्लस्टरवर काम केलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, की स्लर्मसारख्या व्यवस्थेकडे जॉब सबमिट करायचा आणि रांगेत थांबायचं. म्हणजे चक्क बॅच. त्याच लिनक्सवर एका सर्व्हरवर वीस जण लॉगिन करून बसतात, म्हणजे टाइम-शेअरिंग. आणि जो रिअल-टाइम पॅच वर्षानुवर्षं वेगळा लावावा लागायचा, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्येच आहे. एक सिस्टिम, तीन खोकी.

पण यादी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. ती मुळात इतिहास आहे. १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन यांनी आयबीएम ७०४ साठी सिस्टिम लिहिली, कारण महागडं मशीन दोन जॉबच्या मधल्या वेळात रिकामं बसायचं. त्यातून बॅच आलं. मग लक्षात आलं, की टेप वाचून होईपर्यंत प्रोसेसर नुसता थांबलेला असतो. त्यातून मल्टिप्रोग्रामिंग. मग प्रोग्रॅमर कंटाळले, कारण एका स्वल्पविरामाची चूक कळायलाही तासन् तास वाट पाहावी लागायची. १९६१ मध्ये एमआयटीत कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस दाखवली, ती टाइम-शेअरिंगची सुरुवात. प्रत्येक पायरीला एक अडचण आहे आणि तिच्यावरचा तोडगा आहे. हे कारणांसकट शिकवलं तर धडा उत्तम आहे. कारणं गाळली, की पायऱ्यांची खोकी होतात आणि विद्यार्थी ती पाठ करतात.

टॅननबॉम यांनी आपल्या पुस्तकात या भागाला ‘ऑपरेटिंग सिस्टिमचं प्राणिसंग्रहालय’ असं नाव दिलंय. निदान ते प्रामाणिक आहे, पिंजरे आपल्या सोयीचे आहेत हे त्यात उघड आहे. मेनफ्रेमपासून स्मार्ट कार्डपर्यंत त्यांची रांग बहुतेक हार्डवेअरच्या आकारानुसार लागते. पण तिथेही मध्येच ‘रिअल-टाइम’ येऊन बसतं आणि तो काही हार्डवेअरचा आकार नव्हे.

दुसरं वर्गीकरण : वंशावळ

युनिक्सच्या वंशावळीचा लांबलचक तक्ता तुम्ही पाहिला असेल. कित्येक लॅबच्या भिंतीवर असतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्यापासून सुरुवात, मग एक फांदी बर्कलीच्या बीएसडीची, एक सिस्टिम फाइव्हची, असं करत आजपर्यंत. पुस्तकातल्या यादीपेक्षा हे केव्हाही बरं, कारण इथे निकष एकच आहे : कोण कुणापासून आलं?

पण ‘आलं’ म्हणजे काय? फ्रीबीएसडी बर्कलीच्या कोडमधून उतरली. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी नव्याने लिहिलं. त्यात कल्पना युनिक्सच्या, कोड स्वतःचा. विंडोज एनटी (पहिली आवृत्ती १९९३) घडवणारे डेव्ह कटलर डीईसी कंपनीतून आले होते. तिथे त्यांनी व्हीएमएसवर काम केलं होतं आणि एनटीच्या रचनेत ते दिसतं. म्हणजे कोडचा वारसा, कल्पनांचा वारसा आणि माणसांचा वारसा अशा तीन गोष्टी झाल्या. तक्त्यात त्या एकाच शाईच्या रेषेने दाखवल्या, तर वाचणाऱ्याला फरक कळणार कसा?

दुसरी अडचण अशी, की झाडाच्या फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की परत जुळत नाहीत. सोलारिसमधलं डीट्रेस मात्र २००७ मध्ये मॅकमध्ये गेलं, आणि सोलारिसचीच झेडएफएस ही फाइल सिस्टिम फ्रीबीएसडीत गेली. त्यामुळे हे झाड वडाचं आहे. पारंब्या खाली येतात, रुजतात आणि काही वर्षांनी मूळ खोड कोणतं हेच कळत नाही.

आणि नावाचा तर अजिबात भरवसा धरू नका. विंडोज ९८ आणि विंडोज एक्सपी ही नावाने सख्खी भावंडं. पण ९८ डॉसच्या घराण्यातली आणि २००१ ची एक्सपी एनटीच्या. एखाद्या जुन्या पेपरमध्ये नुसतं ‘विंडोजवर चाचणी घेतली’ असं असेल, तर त्यातून जवळपास काहीच कळत नाही.

तिसरं वर्गीकरण : शिक्का

‘युनिक्स’ हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ओपन ग्रुप ही संस्था ठरलेल्या मानकांनुसार चाचणी घेते आणि पास झालं तर ते नाव वापरू देते. वर्गीकरण म्हणून हे सगळ्यात काटेकोर. तुम्ही तपासा, मी तपासते, उत्तर एकच येणार.

पण निकाल बघा. मॅक ओएस एक्सची १०.५ आवृत्ती २००७ मध्ये पास झाली. तिच्या कर्नलचं नाव एक्सएनयू, ज्याचं पूर्ण रूप ‘एक्स इज नॉट युनिक्स’ असं आहे. आयबीएमची झेड-ओएस वंशाने साठच्या दशकातल्या ओएस/३६० ची. युनिक्सशी रक्ताचं नातं नाही, पण शिक्का आहे. फ्रीबीएसडी वंशाने थेट युनिक्सची आणि तिला शिक्का नाही. लिनक्सच्या असंख्य डिस्ट्रिब्युशनपैकी हुआवेच्या युलरओएससारख्या मोजक्यांनीच तो घेतला.

यात चूक काहीच नाही. शिक्का एवढंच सांगतो, की या सिस्टिमने अर्ज केला, चाचणी दिली आणि बाहेरून ती युनिक्ससारखी वागते. आत काय आहे आणि कुठून आलंय, हे तो सांगतच नाही. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांच्याबद्दल तर तो गप्पच आहे. आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो आणि उत्तर विचित्र आलं म्हणून हसतो.

चौथं वर्गीकरण : आतली रचना

कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. सगळी कामं त्यातच असली तर मोनोलिथिक, अगदी कमीत कमी ठेवून बाकीची बाहेर काढली तर मायक्रोकर्नल. जानेवारी १९९२ मध्ये टॅननबॉम आणि टोरवाल्ड्स यांचा यावरून जाहीर वाद झाला होता. वाद खरा होता, कारण या निवडीचे परिणाम वेगावर आणि बिघाड आवरण्यावर होतात. पुढे मात्र मधल्या सिस्टिम आल्या आणि आपण तिसरं खोकं काढलं : ‘हायब्रिड’. एक्सएनयू हायब्रिड, एनटीही हायब्रिड. या दोघींत साम्य काय? पहिल्या दोन खोक्यांत नीट बसत नाहीत, एवढंच. तुमच्या वर्गीकरणात ‘मिश्र’ किंवा ‘इतर’ हा गट फुगायला लागला, तर समजा की निकष पुरेसा नाही.

मग करायचं काय?

उत्तर मला संगणकशास्त्रात मिळालं नाही, ग्रंथालयशास्त्रात मिळालं. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. १९३३ मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण मांडलं. आधी तयार खोकी बनवून पुस्तक त्यात कोंबण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू वेगळे केले, प्रत्येक पैलूची स्वतंत्र नोंद केली आणि त्या नोंदी जोडून पुस्तकाचा क्रमांक तयार केला. म्हणजे वर्ग आधी नसतो, तो नोंदींतून उभा राहतो.

माझ्या शीटमध्ये आता ‘ओएसचा प्रकार’ हा कॉलम नाही. त्याऐवजी आहेत : कर्नल आणि त्याची नेमकी आवृत्ती, प्रीएम्प्शनचं सेटिंग, सी लायब्ररी, मूळ डिस्ट्रिब्युशन, हार्डवेअर आणि मोजणीची तारीख. लिनक्सवर ‘यूनेम’ कमांडचं पूर्ण आउटपुट जसंच्या तसं पेस्ट करते. कर्नल रिअल-टाइम असेल तर ते त्या एका ओळीत दिसतं. दहा सेकंदांचं काम. त्या दहा सेकंदांनी माझे चार महिने वाचले असते.

याचा उपयोग बघा. ‘अँड्रॉइड म्हणजे लिनक्सच ना?’ यावर हॉस्टेलच्या मेसमध्ये तासभर भांडण होऊ शकतं. पैलू वेगळे केले की भांडण मिटतं. कर्नल लिनक्सचं आहे, सी लायब्ररी मात्र बायोनिक नावाची, नेहमीची ग्लिबसी नव्हे. तुमचा अभ्यास कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या चुकांवर असेल, तर अँड्रॉइडला लिनक्ससोबत धरा. डेस्कटॉपसाठी कंपाइल केलेला प्रोग्रॅम चालतो का, हा प्रश्न असेल, तर वेगळं धरा. दोन्ही बरोबर.

सी-डॅकच्या ‘बॉस’चंही तेच. स्वदेशी सिस्टिम म्हणून तिची ओळख आहे. सरकारी धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला हा पैलू महत्त्वाचा आहे. पण ती डेबियनवर आधारलेली आहे. सुरक्षेची दुरुस्ती किती दिवसांत पोहोचते हे मोजणाऱ्याने तो दुसरा पैलू सोडला, तर त्याचं विश्लेषण अर्धवट राहील.

या पद्धतीतही खोट आहे, तीही सांगते. पैलू वाढवत नेले तर प्रत्येक मशीन हा स्वतंत्र वर्ग होतो आणि तुलना करायला दोन मशीन्सही उरत नाहीत. म्हणून विश्लेषणाच्या वेळी गट पाडावेच लागतात आणि ते संशोधनाच्या प्रश्नानुसार पाडायचे. पण नोंद घेताना गट पाडू नका. लक्षणं लिहून ठेवली असतील, तर गट उद्याही पाडता येतो, बदलता येतो, परीक्षकाने सांगितला तसा करून दाखवता येतो. नुसतं गटाचं नाव लिहिलं असेल, तर त्यातून लक्षणं परत काढता येत नाहीत. मी ते करून पाहिलंय.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा पेपर वाचताना ‘आम्ही सिस्टिमचे अमुक प्रकार केले’ असं वाक्य आलं, की पेन्सिलने शेजारी तीन प्रश्न लिहा. निकष एकच आहे का? एकच सिस्टिम दोन गटांत बसते का? आणि निकषाचा पेपरच्या प्रश्नाशी काही संबंध आहे का? मग हेच तीन प्रश्न स्वतःच्या सिनॉप्सिसला विचारा. तिथे ते जरा जास्त टोचतात.

आणि हो, परीक्षेत ‘प्रकार लिहा’ असं आलं, तर ती सहा नावं बिनधास्त लिहा. पाच मार्क सोडू नका. फक्त तो कॉलम तुमच्या शीटमध्ये येऊ देऊ नका.