‘लीच’ पद्धतीतील गृहीतके

बिनतारी संवेदक जाळ्यांत ऊर्जाबचतीसाठी हाइन्झेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ पद्धत मांडली. गटप्रमुखपद आळीपाळीने फिरवून एकाच संवेदकावर भार पडू न देण्याची तिची कल्पना निःसंशय मौलिक आहे. मात्र मूळ मांडणीत ही निवड यादृच्छिक असून संवेदकाची शिल्लक ऊर्जा विचारात घेतली जात नाही. प्रत्येक संवेदक मुख्य केंद्राशी थेट संपर्क साधू शकतो, हेही गृहीतच. वास्तविक अंतर वाढते तसा प्रक्षेपणाचा खर्च किमान वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साहजिकच दूरच्या संवेदकास प्रमुखपद महागात पडते. शंभर संवेदकांच्या संगणकीय प्रतिरूपात हे खपून जाते, विस्तीर्ण जंगलात नव्हे. २००४ मधील ‘हीड’ने शिल्लक ऊर्जेला निवडीत स्थान दिले. त्यानंतरही केवळ ‘लीच’शी तुलना करून नव्या पद्धतीची सरशी सिद्ध झाली असे मानणे सयुक्तिक ठरत नाही.