भित्रा कुत्रा आणि मौनी विक्रम

भय आणि विनोद यांची सोयरीक मराठी रसिकाला नवी नाही. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि २०१८ साली नव्या संचात वैभव मांगले यांनी. दोन्ही वेळा बालप्रेक्षक घाबरत हसले आणि हसत घाबरले. मात्र हाच ऐवज व्यंगचित्रमालिकेच्या रूपाने दूरचित्रवाणीवर आला की आमच्या पिढीतील बहुतेकांनी त्यास आचरटपणा ठरवून पाठ फिरवली. म्हणून अशाच एका मालिकेची कथनरीती येथे तपासावयाची आहे.

ही मालिका म्हणजे ‘करेज द कॉवर्डली डॉग’. जॉन डिलवर्थ यांची ही निर्मिती १९९९ ते २००२ या काळात कार्टून नेटवर्कवर झाली. तिचे ५२ भाग आहेत. मांडणी अगदी साधी आहे. ओसाड माळावर एकच घर, त्यात मायाळू म्युरिएल, तिचा तिरसट नवरा युस्टेस आणि करेज नावाचा भित्रा कुत्रा. गावाचे नावच मुळी ‘नोव्हेअर’, म्हणजे कुठेच नाही! प्रत्येक भागात या घरावर एखादे अरिष्ट येते, ते फक्त कुत्र्यास दिसते आणि अखेरीस तोच ते परतवून लावतो.

यातील कथाघटक जुनेच आहेत. दारी येणारा अशुभ पाहुणा, शापित वस्तू, जिच्यापायी घर बुडते ती घरधन्याची हाव, आणि संकटात कौल लावण्याची जागा. कौल देणारा देवऋषी मात्र येथे माळ्यावरचा संगणक आहे आणि तो प्रश्न विचारणाऱ्यास आधी टोमणा मारतो. विनोद निर्माण होतो तो अशा जागी. भुताची टिंगल करून नव्हे.

‘स्कूबी-डू’ या १९६९ साली सुरू झालेल्या मालिकेशी ताडून पाहिले म्हणजे हे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे भूत खोटे असते. शेवटी मुखवटा ओढला की आत कोणी लबाड माणूस निघतो आणि बुद्धिवादाचा विजय होतो. ‘करेज’मध्ये भूत खरे असते, मुखवटा असतो तो घरच्याच माणसाकडे. युस्टेस भयंकर मुखवटा चढवून कुत्र्यास उगाच दचकवतो. बाहेरच्या पिशाचाहून घरातली ही थट्टा अधिक क्रूर वाटते, आणि ती तशी वाटावी हीच रचनाकाराची योजना आहे.

परंतु या मालिकेचे मर्म आमच्या मते आणखी खोल आहे. करेजला सर्व दिसते, पण सांगता येत नाही. तो ओरडतो, बडबडतो, येणाऱ्या राक्षसाचे रूप स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवतो. म्युरिएल त्यास प्रेमाने थोपटते आणि युस्टेस हिडीसफिडीस करतो. ऐकत कोणीच नाही. येथे आम्हांस शेजारच्या उज्जयिनीचा विक्रम आठवतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली मराठीत आणलेली ‘वेताळपंचविशी’ आणि १९८५ साली दूरदर्शनवर आलेली रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका यांमुळे ती कथा आपल्या घराघरांत वसली. विक्रमाचा पेच असा : बोलला तर वेताळ निसटतो आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिला तर मस्तकाची शकले होतात. एक शूर राजा, एक भेदरट कुत्रा. दोघांचीही कसोटी वाणीपाशीच लागते. भुताइतकेच भय असते ते आपला शब्द वाया जाण्याचे.

दोन्हीकडे कथा पुनःपुन्हा मूळपदावर येते. वेताळ झाडावर परततो, करेजचे घर पुढील भागात जसेच्या तसे उभे राहते. मात्र वेताळकथेस शेवट आहे. बाप आणि मुलगा यांनी एका मुलीशी आणि तिच्या आईशी उलटसुलट विवाह केल्यावर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, या कोड्यापाशी राजा खरोखरच निरुत्तर होतो. त्या प्रामाणिक मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि कपटी योग्याचा डाव त्यास सांगतो. सोबत करणारे भूत अखेरीस हितकर्ते ठरते. ‘करेज’मध्ये असा शहाणपणाचा संचय होत नाही, युस्टेस दर भागात पहिल्याइतकाच आडमुठा असतो. मालिकेचे हे न्यून आम्ही गंभीर मानतो.

तिचे उत्तम भाग ते, ज्यांत भुताची काही मागणी असते. चोरलेली शिळा परत मागण्यास राजा रामसेस येतो. त्याची मागणी न्याय्य आहे. पुराचे पाणी आणि टोळधाड येऊनही शिळा न सोडणारा युस्टेसच खरा अपराधी आहे. आपला मुंजाही असाच. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी गेला, म्हणून पिंपळावर अडकला. त्यास नुसता भेसूर चेहरा नाही, चरित्र आहे. २०२४ सालच्या ‘मुंज्या’ चित्रपटात हा कोकणातला मुंजा संगणकाच्या साहाय्याने हलताबोलता झाला, लग्नाचा हट्ट धरून बसला आणि प्रेक्षकांस हसवूनही गेला. तो चित्रपट मात्र हिंदी होता.

हिंदीविषयी आमची तक्रार नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तिच्याच अंगणात राहतो. प्रश्न घराच्या आतला आहे. बाग सेवनिया, साकेतनगर, भेल वसाहत या भागांतील आपल्या घरांत नातवंडे हिंदीत खेळतात, इंग्रजीत शिकतात आणि मराठी समजत असूनही बोलताना अडखळतात. रात्री दचकून उठलेले मूल आजीस काय सांगणार? हडळ, चकवा, खवीस, झोटिंग हे शब्द त्याच्यापाशी नाहीत, आणि त्याने पाहिलेल्या मालिकेतील भुतांची ओळख आजीस नाही. दोघांत माया भरपूर असूनही मूल करेजसारखे हातवारे करीत राहते आणि आजी म्युरिएलप्रमाणे नुसतीच थोपटते.

म्हणून ही मालिका पोरकट म्हणून सोडून देऊ नये, तर नातवंडाशेजारी बसून पाहावी, असे आम्ही सुचवितो. भाग संपल्यावर ‘तुला कशाची भीती वाटली?’ एवढे मराठीत विचारावे आणि उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी मध्येच न सुधारता पुरते ऐकावे. मग आपल्या मूळ गावच्या पिंपळावरचा मुंजा त्यास सांगावा. त्याची मुंज कधी झाली, सोडमुंज का राहिली आणि त्याचे मागणे काय होते, हे सारे त्यात यावे.