हास्य आणि हत्या : काही रहस्यमालिकांचा विचार

रहस्यकथेला आपल्या वाङ्मयात प्रतिष्ठा बेताचीच लाभली. वाचक मात्र अमाप लाभले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ज्यांनी अधाशीपणाने वाचले, त्यांनीच पुढे चारचौघांत त्यांची नावे घेण्यास संकोच केला. दूरचित्रवाणीवरील हलक्याफुलक्या गुप्तहेर-मालिकांच्या नशिबीही हेच आले आहे. घरोघर त्या पाहिल्या जातात. परंतु त्यांच्या गुणदोषांची चिकित्सा करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वास्तविक या प्रकारात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. गोष्ट खुनाची आणि तिने आपणांस हसवावे, हे कितपत उचित? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हास्याचा रोख कोणाकडे आहे यावर अवलंबून आहे, आणि मालिकेची योग्यताही त्यावरूनच ठरवावी.

या कसोटीवर आम्ही अग्रस्थान देतो ते ‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेस. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीने निर्मिलेली ही व्यक्तिरेखा पीटर फॉक यांनी 1968 च्या एका चित्रपटात प्रथम साकारली. पुढे 1971 पासून नियमित मालिका सुरू झाली आणि मध्ये खंड पडूनही तिचे भाग 2003 पर्यंत निघत राहिले. येथे खुनी कोण हे प्रेक्षकांस आरंभीच दाखविले जाते. मग उरले काय, असे कोणी विचारील. आख्यानाचा शेवट ठाऊक असूनही आपण कीर्तनास जातोच ना? कथा कळावी म्हणून आपण तेथे बसत नाही. ती कशी उलगडते यात आपले मन गुंतलेले असते. कोलंबोचे तेच आहे. चुरगळलेला रेनकोट, खिळखिळी प्यूजो गाडी, बोलण्यात येता-जाता बायकोचा उल्लेख आणि दारापर्यंत जाऊन परत वळून विचारलेला एक शेवटचा प्रश्न, या साऱ्यांना आपण हसतो. श्रीमंत, सुशिक्षित खुनीही हसतो, आणि तेथेच फसतो. या मालिकेतील हास्य मृताची विटंबना करीत नाही. ते गर्वाचे माप काढते.

1973 मधील एका भागात द्राक्षमद्याचा एक निष्णात जाणकार, आपला मद्यनिर्मितीचा व्यवसाय विकला जाऊ नये म्हणून, सावत्र भावाचा जीव घेतो. डोनाल्ड प्लेझन्स यांनी हे पात्र मोठ्या ताकदीने उभे केले आहे. ज्या चोखंदळ जिभेचा त्यास अभिमान, तीच अखेरीस त्याच्याविरुद्ध साक्ष देते; कशी, ते प्रेक्षकांनीच पाहावे. शेवटी कोलंबो त्या कैद्यासमवेत त्याच्या आवडीच्या मद्याचा पेला घेतो. अपराध क्षम्य नाही, पण अपराधी माणूस आहे, हे एवढ्या अल्प शब्दांत सांगणारे प्रसंग गंभीर नाटकांतही विरळाच.

याच जोडीने पीटर फिशर यांच्यासह निर्मिलेली ‘मर्डर, शी रोट’ ही मालिका 1984 ते 1996 अशी 12 वर्षे चालली. मेन राज्यातील कॅबट कोव्ह या काल्पनिक गावी राहणारी जेसिका फ्लेचर ही विधवा, निवृत्त शिक्षिका आणि रहस्यकथालेखिका. अँजेला लॅन्सबरी यांच्या अभिनयातील प्रसन्नता निर्विवाद आहे. वयस्क स्त्रीची बुद्धी हाच कथेचा कणा असावा, ही गोष्टही स्वागतार्ह. परंतु एवढ्याशा गावात इतके खून पडूनही गाव पूर्ववत हसतेखेळते राहते, तेव्हा मरण हे केवळ कोड्याचे साधन होऊन बसते. ही उणीव आम्हांस दृष्टिआड करवत नाही.

‘मंक’ (2002 ते 2009) या मालिकेची वाट अधिक अवघड. तिचा नायक जंतू, उंची, गर्दी अशा असंख्य भयांनी ग्रासलेला आहे. रुग्णास हसणे हे हीन अभिरुचीचे लक्षण होय. तथापि टोनी शलूब यांनी त्या विनोदाखाली पत्नीच्या खुनाचे दुःख सतत वाहते ठेवले आहे. आपले हसू ओठांवरच थबकते, हे त्यांच्या अभिनयाचे यश. काही भागांत लेखकांनी केवळ त्याच्या फजितीवर भागवले आहे, हेही सांगितले पाहिजे.

आपल्याकडील दोन मालिकांचा विचार करू. 1985 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’मध्ये गाजर चघळणारा, काळा चष्मा घातलेला गुप्तहेर पंकज कपूर यांनी झोकात रंगविला. त्यातील चापल्य आजही टवटवीत वाटते. मात्र सहायिका किट्टीस वारंवार गप्प करून मिळविलेले हास्य आज कानास खटकते. सुश्मिता मुखर्जी यांच्या निरागस अभिनयामुळे ते सुसह्य होते, इतकेच. बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ 1993 मध्ये आली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा हा नायक स्वतःस गुप्तहेर न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. रजित कपूर आणि के. के. रैना यांच्या मैत्रीतील थट्टा मंद आहे, घरगुती आहे, आणि खुनाच्या प्रसंगी ती आपोआप मौन धरते. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

तेव्हा आमची शिफारस अशी : घरातील वडीलधाऱ्यांसह पाहावयाचे असल्यास ब्योमकेशपासून आरंभ करावा, परभाषेची अडचण नसेल त्यांनी कोलंबो अवश्य पाहावा, पण रोज एक भाग याहून अधिक नको, कारण एकामागोमाग एक पाहिल्यास साच्याची जाणीव होते. मंक त्यानंतर. जेसिकाबाई आणि करमचंद थकल्या संध्याकाळी खुशाल पाहावेत. मात्र प्रत्येक भाग संपल्यावर मेलेल्या माणसाचे नाव आपणांस आठवते का, एवढे स्वतःस विचारावे. ज्या मालिकेत ते आठवते, ती घरात राहू द्यावी.