विठाबाईंचा स्वतंत्र फड : नाममुद्रेच्या अंगाने एक विचार

गाजलेल्या संचातील कलावंत स्वतःच्या नावाने उभा राहिला, म्हणजे जुना रसिक त्याच्याकडे बहुधा दोनपैकी एका दृष्टीने पाहतो. ‘पूर्वीचा रंग आता नाही’ अशी खंत तो करतो, किंवा ‘खरा कलावंत आजवर झाकलेलाच होता’ असा निर्वाळा देतो. दोन्ही निर्णयांचे माप मात्र जुन्या संचाचेच असते. जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे नाव तमाशाच्या इतिहासात कायम करणाऱ्या विठाबाई (१९३५–२००२) यांच्या स्वतंत्र फडाविषयी या दोन्ही दृष्टी अपुऱ्या पडतात. त्या अपुरेपणाचे प्रमाण फडाच्या नावातच मिळते.

विठाबाई वाढल्या त्या फडाचे नाव ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. भाऊ हे त्यांचे वडील, बापू चुलते. येथे दोन मालक समान अधिकाराने द्वंद्व समासात उभे आहेत. पुढे त्यांच्या स्वतःच्या नावाने फड उभा राहिला, तो ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असा. वरवर पाहता एक नाव वाढले आणि एक गळाले, एवढाच हा फरक. परंतु ‘भाऊ’ या पदाचे कार्यच पालटले आहे. द्वंद्वातील मालक आता पित्याच्या स्थानी आला. विवाहित स्त्रीच्या नावात या जागी रूढीने पतीचे नाव येते. येथे पित्याचे नाव राहिले, कारण व्यवसायातील पत त्या नावाशी निगडित होती. ‘नारायणगावकर’ हे पदही जन्मस्थळ सांगत नाही, कारण विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा. येथील ‘-कर’ हा प्रत्यय फडाचे ठाणे दाखवितो. आजही जुन्नर-आंबेगावच्या गावांतील मंडळी यात्रेची सुपारी देण्यासाठी नारायणगावातील फडांच्या राहुट्यांकडेच येतात. त्या बाजारात गावाचे नाव हीच ओळख होय.

ताडून पाहण्यासाठी संगमनेरच्या फडाचे नाव घ्यावे : ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. तेथे ‘सह’ या शब्दयोगी अव्ययाने मुलाचे नाव आधी आणि थोर अभिनेत्री असलेल्या आईचे नाव मागून येते. ढोलकी-फडाचे नेतृत्व परंपरेने बहुतांशी पुरुषाकडे असे. बाईचे नाव आकर्षण म्हणून जोडले जाई. विठाबाईंच्या नाममुद्रेत ‘सह’ नाही. कर्तृपद त्यांच्याकडे आहे आणि वारसा त्या पदाचे विशेषण होऊन मागे येतो.

म्हणून ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ येथे ‘एकटी’ असा करता येत नाही. तमाशात एकटा स्वर संभवतच नाही. मुख्य गायिकेने ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती उचलावी, तुणतुण्याने सूर धरून ठेवावा, ढोलकीने बोलाला उत्तर द्यावे, अशी त्याची घडणच सामूहिक आहे. गण, गौळण, बतावणी, वग या क्रमातही एकीचे काम दुसऱ्याच्या कामावर उभे असते. फड स्वतःच्या नावे चालविणे म्हणजे समूहातून सुटणे नव्हे. त्या समूहाचे वेतन, प्रवास, मुक्काम आणि लौकिक यांचा भार स्वतःवर घेणे होय. विठाबाईंच्या उत्तरकार्याचे मूल्यमापन नर्तिका किंवा गायिका एवढ्याच नात्याने केल्यास त्यांच्या कर्तृत्वाचा हा भाग निसटतो.

तो निसटला आहे, असेच दिसते. विठाबाईंविषयीच्या लेखनात एक कथा सर्वत्र भेटते : खेळ चालू असता पडद्यामागे जाऊन त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. या कथेने त्यांच्या धैर्याची साक्ष दिली, हे खरे. परंतु समीक्षेने तिचा आधार इतका घेतला की कलेचा विचार करण्याची गरजच उरली नाही. शब्दाची फेक, लावणी आणि वगातील संवाद यांतील स्वरभेद, झीलकऱ्यांशी असलेले आवाजाचे नाते हे प्रश्न ती कथा सांगून सुटत नाहीत. उपलब्ध ध्वनिमुद्रणे ऐकूनच त्यांची उत्तरे शोधावी लागतील.

नावाचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासन त्यांच्या स्मरणार्थ जो जीवनगौरव पुरस्कार देते, त्यात नाव येते ते ‘विठाबाई नारायणगावकर’ असे. ‘भाऊ’ आणि ‘मांग’ ही दोन्ही पदे तेथे नाहीत. संक्षेप सोयीचा असतो, परंतु तो निरर्थक नसतो. ज्या नावाने त्यांनी तिकीटबारीवर लोकांना बोलाविले, त्यात पिता होता आणि जातही होती. त्यांनी स्वतः जे लपविले नाही, ते गौरव करताना गळावे, हा विरोध अभ्यासकाने नोंदविला पाहिजे. वारसा टाकून त्या मोठ्या झाल्या नाहीत आणि वारशामुळेच मोठ्या झाल्या असेही नाही. त्यांनी स्वतःचे नाव पुढे ठेवले आणि बाकीचे सगळे मागे वागविले. त्यांच्या कार्याचे वाचन त्याच क्रमाने, आणि पूर्ण नावानिशी, झाले पाहिजे.