गिरणी रंगमंचावर आणताना

आरे वसाहतीत राहणारे काही तरुण मध्यंतरी माझ्याकडे आले होते. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीचे नाट्यरूप करून ते वसाहतीतच, मोकळ्या जागेत सादर करावे, असा त्यांचा मानस आहे. पाली शिकविणाऱ्या माणसाने नाट्यरूपांतराविषयी काय सांगावे, असा संकोच प्रथम वाटला. तथापि त्यांनी आणलेला पहिल्या अंकाचा खर्डा वाचल्यावर जे सुचले, ते येथे मांडीत आहे.

खर्डा तळमळीने लिहिलेला आहे, संवादही ठसकेबाज आहेत. उणीव एकच, पण ती मोठी आहे. गिरणी कामगारांवरील या अंकात कोणीही काम करताना दिसत नाही. मालक बोलतो, पुढारी बोलतो. कामगार आधी भाषण ऐकतो आणि मग स्वतःच भाषण करतो. गिरणी म्हणजे पडद्याआडून वाजणारा भोंगा, एवढेच तिचे अस्तित्व. हा दोष या मुलांचा एकट्यांचा नव्हे. श्रमिकांच्या जीवनावरील आपल्या नाटकांची ती जुनी खोड आहे.

वरेरकरांनी गिरणीचा विषय दोन्ही वाङ्मयप्रकारांत हाताळला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मालक आणि मजूर यांच्यातील झगड्यावरील त्यांचे 'सोन्याचा कळस' हे नाटक १९३२ चे, तर 'धावता धोटा' ही कादंबरी १९३३ ची. नाटकाला दोन पक्ष समोरासमोर उभे करावे लागतात. त्यामुळे संप, वाटाघाटी, आरोप-प्रत्यारोप हे प्रसंग त्याला आपसूक मिळतात. कादंबरीची गोष्ट वेगळी. पाळीचे लांबलचक तास, साच्यासमोर ताटकळलेले पाय, कापसाच्या तुसाने भरलेली छाती हे सारे सांगायला तिच्याजवळ पाने असतात. म्हणून कादंबरीचे नाटक करताना रूपांतरकार प्रथम कात्री लावतो ती कामाला. 'यात काही घडत नाही', असे तो म्हणतो. खरोखरच काही घडत नाही काय?

कादंबरीच्या नावातील धोटाच घेऊ. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यातील कामगाराला कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागणार. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव होता. त्याची पाठवणी त्रासन खात्यात होई, आणि तेथील मजुरी विणकाम खात्याहून कमी असे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की, सर्व खाती आमच्या लोकांना खुली करण्याची मागणी तुम्ही करणार नसाल, तर त्यांनी संपात का यावे? ती मागणी अखेर यादीत घातली गेली, पण नाखुशीने. मालकांनी उलट सुनावले की, हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नव्हे! वर्गकलहाची सारी भाषणे ज्या ठिकाणी अडखळतात, ते ठिकाण अंगठ्याएवढ्या लाकडाच्या भोकात आहे. रूपांतरकाराने काम गाळले की हे भोकही गळून पडते. मग रंगमंचावर उरतो तो 'कामगार' नावाचा एकच माणूस, ज्याला जात नाही आणि तहानही नाही.

श्रमाचे हत्यार कथानकाचे बिजागर होऊ शकते, हे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. धम्मपदाच्या १७४ व्या गाथेवरील अट्ठकथेत आळवीच्या कोष्ट्याच्या मुलीची कथा आहे. पाली भाषेत धोट्याला 'तसर' म्हणतात. बापाने तिला तसराची कांडी भरून आणावयास सांगितले आहे. इकडे भगवंतांची देशना ऐकण्याची तिला ओढ आहे. ती आधी कांडी भरते, मग वाटेत सभेपाशी थांबते. ती येईपर्यंत भगवंत मौन धरून बसलेले असतात. चार प्रश्न होतात, ती उत्तरे देते आणि मागाकडे जाते. बाप मागावरच पेंगत असतो. टोपलीच्या धक्क्याने तो दचकून जागा होतो, सवयीने माग ओढतो, त्याचे टोक मुलीच्या छातीवर आदळते आणि ती मरण पावते. या कथेतून कांडी काढून पाहावी. उरेल तो केवळ उपदेश.

काम प्रत्यक्ष न दाखवताही ते जाणवून देता येते, हे मात्र मान्य केले पाहिजे. जयंत पवार यांचे १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेले 'अधांतर' चाळीतल्या एका खोलीत घडते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेलेली आहे आणि ती गेल्याची पोकळी खोलीतल्या प्रत्येक वाक्यात भरून राहिली आहे. त्याच नाटकावरून २०१० मध्ये 'लालबाग परळ' हा चित्रपट निघाला. परंतु पवारांनी काम गाळले नाही, कामाचा अभाव हाच विषय केला. आमच्या मुलांच्या खर्ड्यात गिरणी चालू आहे आणि तरीही रिकामी आहे. हे दोन प्रकार एक नव्हेत.

प्रयोग आरेमध्ये होणार, हेही विचारात घ्यावे. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत वसविली गेली. तेथे वारल्यांचे पाडे त्याआधीपासून होते. शेजारीच १९७७ मध्ये चित्रनगरी उभी राहिली. प्लायवूडच्या चाळी तेथे आठवड्यात उभ्या राहतात आणि आठवड्यात मोडल्याही जातात. खोटी चाळ उभारताना ज्यांनी पाहिली आहे, पहाटेच्या धारा ज्यांच्या कानावर आहेत, अशा प्रेक्षकांपुढे कामाचे नाटक करायचे आहे. हात कामाला सरावलेला आहे की नाही, हे त्यांना लगेच कळेल.

म्हणून मी सुचविले की, दुसऱ्या प्रवेशाच्या आधी एक मूक प्रसंग घालावा. नवा कामगार साच्यापाशी येतो, शेजाऱ्याचे पाहून कांडी हातात घेतो. जॉबर त्याचे आडनाव विचारतो आणि बोटाने त्रासन खात्याची दिशा दाखवतो. साचे चालूच राहतात. एका तरुणाने शंका काढली : "सर, हे वरेरकरांच्या पदरी आपले घालणे नाही का?" शंका रास्त आहे. लेखकाच्या पात्रांना आपली वाक्ये देऊ नयेत, असेच माझे मत आहे. म्हणून तर प्रसंग मूक ठेवावयाचा. शिवाय प्रारंभीच्या निवेदनात, हा भाग रूपांतरकारांचा आहे आणि तो का घातला, हे स्पष्ट सांगावे. त्याला ते पटले. दुसऱ्याला नाही. त्याच्या मते आडनाव विचारणे हेसुद्धा वाक्यच झाले, आणि जॉबरने नुसते कपड्यांकडे पाहिले तरी प्रेक्षकांना पुरेल. आता दोन्ही तऱ्हांनी तालीम घेऊन पाहणार आहेत. धोटा मात्र अजून मिळालेला नाही. सुतारकाम जाणणारा एक जण तो करून देणार आहे, आणि भोक नेमके कोठे पाडावे हे विचारण्यासाठी ते एका जुन्या साचेवाल्याच्या शोधात आहेत.