फ्लॉरेन्स : एका दिवसांत

इटलीच्या बस-सहलींत फ्लॉरेन्सच्या वांट्यास बहुधा एकच दिवस येतो, आणि त्या दिवसाची रचना एखाद्या ग्रंथाप्रमाणें परीक्षणास पात्र आहे. आरंभ होतो तो टेकडीवरील मायकेल अँजेलोच्या नांवाच्या चौकांत. तेथें त्याच्या प्रसिद्ध डेव्हिडचा ब्राँझचा पुतळा आहे, ती नक्कल. पुढें शहरांत उतरून मंडळी पायींच सिन्योरिया चौकांत येतात. तेथील संगमरवरी डेव्हिडहि १९१० सालीं बसविलेली प्रतिकृति. मूळ मूर्ति १८७३ मध्येंच अकादेमिया संग्रहालयांत नेलेली. मग बाप्तिस्म्याच्या मंदिरापुढें गिबेर्तीच्या सोनेरी दरवाज्याचें स्तुतिस्तोत्र. तोहि १९९० पासून नकलेचाच. अस्सल दरवाजा हाकेच्या अंतरावर संग्रहालयांत आहे.

प्रतिकृति ठेवण्यास आमचा विरोध नाहीं. १९६६ च्या महापुरानें त्या दरवाज्याच्या दहा फलकांपैकीं कांहीं उखडून काढले. असें धन उघड्यावर ठेवावें, असें कोण म्हणेल? आमचा आक्षेप आहे तो मौनावर. वाटाड्यानें ‘ही प्रतिकृति’ एवढे दोन शब्द गाळले, म्हणजे दूरदेशाहून आलेला मनुष्य मूळ पाहिल्याच्या समाधानांत घरीं परततो. आणि तें समाधान त्यानें रोख पैसे मोजून घेतलेलें असतें. वेळ नाहीं, ही सबब आम्हांस पटत नाहीं. त्याच सिन्योरिया चौकाच्या कडेस, उघड्या मंडपांत, चेल्लिनीचा १५५४ सालचा अस्सल पर्सियस मेड्यूसाचें छाटलेलें मस्तक उंच धरून उभा आहे. त्यास पाहण्यास तिकीटहि लागत नाहीं. वाटाड्या मात्र बहुधा तेथेंच आपल्या मंडळींची शिरगणती करीत असतो.