अब्राहामाची आज्ञा आणि कोकणातील बेने इस्राएल

ज्यू धर्माचा विषय निघाला की ‘देवाने निवडलेली जमात’ हे शब्द हटकून कानी पडतात आणि चर्चा बहुधा तेथेच अडते. निवड कशासाठी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. अब्राहामाला प्रथम आपला देश, आप्त आणि पित्याचे घर सोडण्यास सांगितले आहे. मोठे राष्ट्र आणि मोठे नाव यांची वचने त्यानंतरची. त्याच ओघात त्याने स्वतः आशीर्वादरूप व्हावे असे येते, आणि मूळ हिब्रूत हे क्रियापद आज्ञार्थी आहे. अनुवादांत ते पुष्कळदा भविष्यकाळी होते व त्याचा कस जातो. वचनाने माणूस निर्धास्त होतो. आज्ञेने कामाला लागतो.

पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्यायोगे आशीर्वाद लाभेल, या पुढील वाक्याच्या अर्थाविषयी पंडितांत मतभेद आहेत. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी याने साधा अर्थ लावला : लोक आपल्या मुलाला अब्राहामासारखा होण्याचा आशीर्वाद देतील. आम्हांला हेच वाचन पटते. यात आशीर्वाद ही वरून खाली वाटण्याची वस्तू राहत नाही. शेजाऱ्याने धर्म बदलावा अशीही अपेक्षा यात नाही. तो शेजारीच राहतो. पुढे बाबिलोनला नेल्या गेलेल्या ज्यूंना यिर्मयाने जे पत्र धाडले, त्यात तेथेच घरे बांधावी, बागा लावाव्या आणि त्या परक्या नगराचे कल्याण चिंतावे असे सांगितले आहे. हद्दपारीत हे सांगणे सोपे नव्हते.

ही आज्ञा आपल्या मराठी मुलखात कशी पाळली गेली, हे पाहू लागले की प्रथम ससून घराणे आठवते. बगदादहून आलेले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे ग्रंथालय त्यांच्या नावाने उभे आहे. रुग्णालयात कोणाचीही जात वा धर्म आड आला नाही. हे दातृत्व खरेच मोठे. पण त्या पेढीच्या वैभवात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, आणि ती अफू बरीचशी आपल्याच आजच्या मध्यप्रदेशातील माळव्यात पिकत होती. पुण्यातील रुग्णाला मिळालेल्या आशीर्वादाची किंमत कँटनमधील कोणी मोजली असेल, तर हिशेब कसा मांडायचा? आमची नोकरीची वर्षे हितग्राहींच्या याद्या तपासण्यात गेली. त्या याद्यांत पैसा कोठून आला याचा रकाना नसे. गौरवग्रंथांतही तो सहसा नसतो.

बेने इस्राएलांची गोष्ट वेगळी आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या परिसरात घाणे चालवून तेल काढणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बहुतांशी खरे आहे. पण त्या नावातला जातीच्या पायरीचा अर्थही खरा आहे. दान करण्याजोगे त्यांच्यापाशी फारसे नव्हते. किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर ही आडनावे त्यांनी गावांवरून घेतली, आणि भाषा घेतली ती मराठी.

१८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तने सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे आपल्या हरिदासी परंपरेच्या घाटात मराठीतून गायिली जाऊ लागली. यावर आक्षेप घेता येईल, आणि तो घ्यावाच : श्रोते स्वजातीयच, मग इतरांना आशीर्वाद कोठे? आमच्या मते तो येथे उलट्या दिशेने झाला. शेजाऱ्याची भक्तिरीत आपल्या पवित्रतम कथेस योग्य आहे, हे त्यांनी मानले. मंदिरातल्या माणसाचा याहून मोठा मान ज्यू माणसाने कसा करावा? जोसेफ इझीकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामागेही हीच बुद्धी दिसते. पुढील काळात निस्सीम इझीकिएल इंग्रजीत लिहीत राहिले, तरी १९७४ मध्ये वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. हेही त्याच ओळीतले.

हा विषय आम्ही राजेगावी बसून लिहितो, यास कारण आहे. बाघ नदी ओलांडली की गोंदिया, महाराष्ट्र; अलीकडे आपण. १९५६ साली भंडारा तिकडे गेला, बालाघाट येथेच राहिला. आपली घराणी नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या खोऱ्यात आहेत. गणेशोत्सव, पंगती, वाचनालये आपण टिकविली, आणि ते सारे बहुतांशी आपल्यापुरते टिकविले. येथील गोंड वा लोधी शेजाऱ्याची एखादी कथा आपल्या कीर्तनात कधी आली काय? आपल्या पणजोबांना ही जमीन कशी मिळाली, हे आपण कधी लिहून ठेविले काय? मंडळाच्या पुढील अंकासाठी कोणी हा विषय घेतल्यास आम्हांस आनंद होईल.

किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी तेथे १९२२ पासून १९५० पर्यंत मुख्याध्यापकपद सांभाळले. त्यानंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्रायलला निघून गेले. शाळा माझगावातच राहिली, आणि आज तिच्या वर्गांत बसणारी बहुतेक मुले ज्यू नाहीत.